नागनिका: माहेराकडून आलेले नाव

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या मराठी घरांत मुलीचे बारसे ठरले, की नावाचा शोध साधारण तीन अटींवर चालतो. पत्रिकेतले चरणाक्षर जुळले पाहिजे. सोसायटीत आणि पुढे शाळेच्या वर्गात त्याच नावाची दुसरी मुलगी नको. आणि कोणी विचारले तर चटकन सांगता येईल असा गोड अर्थ हवा. पहिली अट गुरुजी सांभाळतात, दुसरीसाठी मोबाइल धुंडाळता येतो. गाडी अडते ती तिसरीपाशी. अर्थ म्हणजे संस्कृत शब्दकोशात सापडेल तो, आणि तोही फूल, किरण, देवी किंवा सुगंध यांच्या आसपासचा, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. या समजुतीचा विचित्र परिणाम असा, की ज्या भूमीवर आपण राहतो तिथे दगडात कोरलेली स्त्रियांची जी सर्वांत जुनी नावे आहेत, त्यांतली बरीचशी आपल्या यादीत येतच नाहीत. नागनिका हे त्यांतले एक. कानाला ते परके वाटत नाही. ज्या घरात अनिका, सानिका, कनिका सहज खपतात त्या घरात नागनिका उच्चारायला अडचण यायचे कारण नाही. अडचण येते ती ‘नाग’ या पहिल्या दोन अक्षरांची. या दोन अक्षरांत साप आहे हे खरे. पण त्या नावाचा खरा आशय सापापेक्षा माहेर हा आहे, असे मला वाटते. त्याचा पुरावा नाणेघाटात आहे आणि बोरिवलीच्या डोंगरातही आहे.

नाणेघाट ही कोकणातून देशावर चढणारी फार जुनी वाट. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाच्या बाजूने चढले, की माथ्यावर जुन्नर तालुक्यातले घाटघर लागते. सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जाई. घाटाच्या तोंडाशी कातळात खोदलेले एक प्रशस्त दालन आहे. त्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत लांबलचक लेख कोरला आहे. तो साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. नंतर एका राणीने राजासह केलेल्या यज्ञांची यादी आहे. त्यात अश्वमेध आहे, राजसूय आहे, आणि प्रत्येक यज्ञाची दक्षिणा आकड्यांसकट आहे: गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नावाची नाणी. यांतला एक आकडा तर २४,४०० इतका मोठा आहे. अंकचिन्हांच्या इतिहासात नाणेघाटाला जे मानाचे स्थान आहे ते या हिशेबामुळेच. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. पण कोण कुठे उभे होते ते सांगणारी नावे वर कोरलेली आहेत. सातवाहन कुळाचा पहिला राजा सिमुक, मग ‘देवी नायनिका आणि राजा श्री सातकनि’ (म्हणजे शातकर्णी), मग काही राजकुमार, आणि त्यांच्यात एक महारठी, म्हणजे दख्खनमधल्या बलाढ्य स्थानिक घराण्यातला माणूस. राणीचे नाव राजाच्या आधी आहे, हे सहज नजरेतून निसटते.

दगडावर नाव आहे ‘नायनिका’. पुस्तकांत ते ‘नागनिका’ होते. हा बदल अभ्यासकांनी केला आणि तो मनमानी नाही. प्राकृतात दोन स्वरांच्या मधला ग गळतो आणि त्या जागी य येऊन बसतो: नगराचे नयर, सागराचा सायर, तसे नागाचे नाय. हे ठाऊक नसेल तर नायनिका वाचताना मन साहजिकच ‘नयन’ शब्दाकडे धावते. आजच्या नावांच्या याद्यांत नयनिका असते आणि तिचा अर्थ सुंदर डोळ्यांची असा दिलेला असतो. नव्या नावाला असा नवा अर्थ द्यायला कोणाची हरकत असणार नाही. मात्र नाणेघाटातल्या राणीच्या नावाशी डोळ्यांचा संबंध जोडणे चुकीचे ठरेल. तिच्या नावात ‘ना’ दीर्घ आहे, ‘नयन’ मधला न र्‍हस्व.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. त्याच दालनातल्या मोठ्या लेखात राणीला ‘नागवरदायिनी’ असे विशेषण लावले आहे आणि तिथे ‘ग’ शाबूत आहे. एकाच ठिकाणच्या दोन लेखांपैकी एकात नाग आणि दुसऱ्यात नाय, असे का व्हावे? मग नायनिका वेगळ्याच शब्दावरून आली नसेल कशावरून? माझ्या मते याचे उत्तर दोन्ही मजकुरांच्या जातीत आहे. भिंतीवरचा मोठा लेख हा यज्ञांचा, दक्षिणेचा, औपचारिक मजकूर. त्याची भाषा संस्कृतकडे कललेली आहे. मूर्तीवरचे नाव म्हणजे माणसाला हाक मारायचे नाव. हाकेतले उच्चार बोलीप्रमाणे झिजतात. आजही निमंत्रणपत्रिकेत लक्ष्मण असतो आणि दारातून हाक लखूला जाते. दुसरा आक्षेप असा, की नाग म्हणजे हत्तीसुद्धा. ‘नागवरदायिनी’ म्हणजे उत्तम हत्ती दान देणारी असा अर्थ सहज बसतो, कारण दक्षिणेत हत्ती दिल्याचे त्या लेखातच आहे. ते मान्य. विशेषणापुरता हत्ती मानायला माझी हरकत नाही. पण नावातला नाग हत्ती की साप, हे एका नाणेघाटावरून ठरणार नाही. त्यासाठी घाट उतरून समुद्राच्या बाजूला, बोरिवलीला यावे लागते.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी मुंबईकरांना सहलीची जागा म्हणून माहीत आहेत. शंभरावर लेणी आणि प्राकृत, संस्कृत, अगदी पहलवीसुद्धा असे लेख, एवढा मोठा ऐवज उपनगरी रेल्वेच्या एका स्थानकाच्या हद्दीत आहे, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते. त्यातले जुने लेख बहुतेक दानाचे आहेत: अमक्याने लेणे दिले, पाण्याची पोढी दिली, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी ठेव ठेवली. दाते सोपाऱ्याचे, कल्याणचे, नाशिकचे, धेनुकाकटाचे. आणि त्यांत बायका पुष्कळ. या लेखांपैकी एकात लेणे देणारी स्त्री आपली ओळख सांगते. ती महाराजाची मुलगी आहे, महाभोजीची लेक आहे, महारठिनी आहे, खंदनागसातकाची आई आहे आणि महाभोज अहिज धेनसेनाची बहीण आहे. तिचे नाव नागमूलनिका. ‘महारठिनी’ या पदावरून नवरा महारठी असणार हे कळते. त्याचे नाव लेखात नाही. आई, वडील, मुलगा, भाऊ सगळे आहेत. कुटुंबाचा एवढा पसारा मांडताना नवऱ्याला एका पदवीत आटोपणारी ही बाई दुसऱ्या शतकाच्या आसपासची, म्हणजे आपल्यापासून सुमारे अठराशे वर्षे दूरची आहे.

तिच्या कुटुंबातली नावे पाहिली, की हत्तीचा प्रश्न बराच सुटतो. मुलगा खंदनागसातक: खंद म्हणजे स्कंद, आणि मध्ये नाग. भाऊ अहिज: अहि म्हणजे सापच, तिथे दुसऱ्या अर्थाला जागाच नाही. स्वतः नागमूलनिका. एकाच घरातल्या तिघांच्या नावांत नाग किंवा अहि असणे हा योगायोग मानता येत नाही. ही त्या घराची खूण आहे. ‘मूल’ कशावरून आले याबद्दल तर्कच करता येतो. मूळ नक्षत्रावर जन्मलेल्यांची नावे त्या काळी नक्षत्रावरून ठेवत. तसे इथे असेल, तर आजच्या हिशेबाने ही मुलगी दुहेरी अडचणीची: नावात साप आणि जन्म मुळावरचा. जिच्यासाठी आज घरचे आधी शांतीचा मुहूर्त विचारतील, ती तेव्हा राजाची लेक म्हणून अभिमानाने ते नाव डोंगरात कोरून घेत होती. उत्तर कर्नाटकात बनवासीला एक पाच फण्यांच्या नागाची शिळा आहे. तिच्यावरच्या लेखात महाभोजी असलेल्या एका राजकन्येने नाग, तळे आणि विहार दान दिल्याचे कोरले आहे. तिथेही शिवखदनागसिरी असे नागाचे नाव येते. रॅप्सन या नाणेतज्ज्ञाने १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बनवासीची ही राजकन्या आणि कान्हेरीची नागमूलनिका एकच असावी असे सुचवले. ते पटो न पटो, दोन्ही लेख एकाच प्रकारच्या घराण्यांतले आहेत, आणि त्या घराण्यांत नाग कोणत्या रूपात पुजला जात होता हे बनवासीची शिळा डोळ्यांना दाखवते. सोंड नाही, फणा आहे.

आता नावाचे शेपूट. ‘निका’ला स्वतंत्र अर्थ शोधू नये. दख्खनच्या लेण्यांत पुरुषांच्या नावांना ‘णक’ लागलेले दिसते. कार्ल्याच्या चैत्यासमोरचा सिंहस्तंभ ज्याने दिला तो महारठी अगिमितणक, म्हणजे अग्निमित्र आणि पुढे णक. नाशिकला रामणक आहे, कान्हेरीच्या एका लेखात धेनुकाकटाचा धमणक आहे, म्हणजे धर्म आणि णक. त्या धमणकाची मुलगी सापा ही प्रव्रज्या घेतलेली, आणि दानात तिच्यासोबत तिची बहीण रतिनिका. पुरुषाला णक, बाईला णिका किंवा निका. मूळ नावाला लाडाने किंवा आदराने जोडायचा तो तुकडा असावा. आपण नावापुढे राव, पंत, बाई, ताई लावतो त्याच जातीचा, फक्त नावाला कायमचा चिकटलेला. म्हणजे नागनिका या नावाचे शब्दशः भाषांतर करू गेलो तर हाती ‘नागबाई’ किंवा ‘नागूताई’ एवढेच लागते. खेड्यापाड्यांतल्या आज्यांच्या पिढीत नागूबाई असायच्या. सातवाहनांच्या राणीचे नाव आणि त्या आजीचे नाव यांच्यात फार अंतर नाही, ही गोष्ट मला तरी त्या नावाच्या कुठल्याही काव्यमय अर्थापेक्षा जास्त मोलाची वाटते. नव्या नावांच्या शौकिनांना मात्र ती कदाचित रुचणार नाही.

नाग ही घराण्याची खूण असेल तर ती कोणत्या घराण्याची? सातवाहन राजांची नावे पाहा: सिमुक, कन्ह, सातकनि, पुळुमावि. या ठळक नावांत नाग नाही. नाणेघाटातली राणी मात्र लेखात स्वतःला अंगिय कुळाची वृद्धी करणाऱ्या महारठीची मुलगी म्हणवते. आणि मूर्तींच्या रांगेत एक महारठी उभा होता हे आधी आलेच आहे. महारठी आणि महाभोज ही दख्खनमधली बलाढ्य स्थानिक घराणी. त्यांच्या मदतीशिवाय घाटवाटांवर सत्ता चालवणे कोणाला शक्य नव्हते, आणि सातवाहनांनी त्यांच्याशी सोयरिकी केल्या त्या याच गरजेतून. नागाची नावे ठळकपणे दिसतात ती याच सोयऱ्यांच्या घरांत. म्हणून नागनिका हे नाव सासरचे नसून माहेरचे आहे असे मी म्हणतो. ते राणीबरोबर सातवाहनांच्या घरात आले आणि अश्वमेध करणाऱ्या राजघराण्याच्या मूर्तींच्या रांगेत जसेच्या तसे राहिले. त्या काळच्या राजांना यात कमीपणा वाटत नसावा, कारण पुढे हेच राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईच्या गोत्रावरून ओळख सांगू लागले.

या तर्काला बळ देणारा, आणि शब्दांत स्पष्ट लिहिलेला पुरावा थोडा उशिराचा, पण महाराष्ट्रातलाच आहे. विदर्भात पाचव्या शतकाच्या आरंभी वाकाटकांचा कारभार सांभाळणारी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. तिचा जो ताम्रपट पुण्यात उजेडात आला, त्यात ती आपल्या आईचे नाव कुबेरनागा असे देते आणि आई नागकुळात जन्मली असे सांगते. म्हणजे आईच्या नावातला ‘नागा’ तिच्या माहेरच्या कुळातून आला, हे तिची लेकच नोंदवते. शिवाय प्रभावती स्वतः वाकाटकांच्या घरात येऊनही गोत्र सांगते ते वडिलांचे, धारण. लग्नानंतर तांदळाच्या तबकात सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहायची चाल आपल्याकडे पुढे इतकी रुळली, की बाईचे माहेरचे नाव पुसले जाणे हाच प्राचीन रिवाज, असे आपण धरून चालतो. मुलुंडमधली एखादी डॉक्टर लग्नानंतर नाव बदलत नाही तेव्हा घरात जी कुजबुज होते, ती प्रभावतीच्या दरबारात कोणाला कळली नसती.

मराठी बायकांच्या सणांतही नाग माहेराशीच बांधलेला आहे. नागचतुर्थीचा उपवास भावासाठी असतो. पंचमीला माहेरवाशिणी घरी येतात, झोके घेतात, वारुळाला जातात. सात सुनांपैकी धाकटीला माहेरचे कोणीच नसते आणि शेषनाग तिचा मामा होऊन तिला न्यायला येतो, ही पंचमीची कहाणी घरोघरी सांगितली जाते. दोन हजार वर्षांपूर्वीची नावे आणि आजची कहाणी यांच्यात थेट धागा आहे असा दावा मी करणार नाही. मधल्या शतकांचा हिशेब कोणाकडे नाही. नाग म्हणजे बाईच्या बाजूचा नातेवाईक, ही कल्पना या भागात दोन वेगवेगळ्या काळी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या पुराव्यांत दिसते, एवढे म्हणायला मात्र हरकत नाही. नाग हे केवळ दैवत नसून लोकांचे नाव होते, असेही मत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात नागलोकांनी बौद्ध धर्माच्या प्रसाराला हातभार लावल्याचे सांगितले आणि नागपूर निवडण्यामागचे कारण तेच असल्याचे स्पष्ट केले. नागमूलनिकेचे दान बौद्ध विहारातले आणि नाणेघाटातल्या राणीचे दान वैदिक यज्ञातले आहे. नागाचे नाव दोन्हीकडे चालले, कोणी त्याला अडवले नाही.

ज्यांनी अडवायचा प्रयत्न केला ते ग्रंथ होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीच्या नावाचे नियम आहेत: उच्चाराला सोपे हवे, कठोर नको, अर्थ उघड हवा, मनाला आवडणारे, मंगल, शेवटी दीर्घ स्वर. आजच्या आईबापांना ही यादी वाचून दाखवली तर तेही मान डोलावतील. अर्थाची जी अट सुरुवातीला सांगितली तिचे मूळ इतके जुने आहे. तिसऱ्या अध्यायात त्याचीच दुसरी बाजू येते. कोणत्या नावांच्या मुलींशी लग्न करू नये? नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, साप यांची नावे असलेल्या मुलींशी. मराठी समाजाने ही बंदी जवळजवळ पूर्ण धुडकावून लावली आहे. रोहिणी, रेवती, अनुराधा, चित्रा ही नक्षत्रे. गोदावरी, कृष्णा, यमुना या नद्या. मैना, सारिका, कोकिळा हे पक्षी. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशात झाला आणि तिथल्या नदीचे नाव त्यांना मिळाले. त्या काळी ते महाराष्ट्रात किती अनोखे वाटले असेल याची आज कल्पनाही येत नाही, इतके ते आता आपले झाले आहे. त्या यादीतला साप तेवढा अजून बंदीत आहे, आणि तोही फक्त मुलींसाठी. नागेश, नागनाथ, नागोजी यांना कोणी नावे ठेवत नाही. नाणेघाटातली राणी त्या नियमाच्या आसपासच्याच काळातली. तिच्या सासरी वेदोक्त यज्ञ होत होते, आणि तिचे नाव सापाचे होते. नियम लिहावा लागला याचा अर्थच असा, की अशी नावे सर्रास होती.

हे सगळे ऐकून घेतल्यावरही व्यवहारी आक्षेप उरतोच: पोरीला वर्गात नागीण म्हणून चिडवतील. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली पुंगी आणि अलीकडच्या हिंदी मालिका यांनी नागिणीला सूड घेणारी, रूप बदलणारी, डोळे वटारणारी बाई करून टाकले आहे; घरोघरच्या भांडणांतही ती शिवीसारखी येते. हा धोका खोटा नाही, आणि अर्थ महत्त्वाचा नसतो असे म्हणून तो उडवून लावणे बेजबाबदारपणाचे होईल. नावाचा अर्थ माणसाला जाळतो हे साताऱ्याने दाखवून दिले आहे. तिथे मुलगी नको म्हणून ठेवलेले ‘नकोशी’ किंवा ‘नकुशा’ हे नाव घेऊन वाढलेल्या दोनशेहून अधिक मुलींना २०११ मध्ये जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने नवी नावे मिळाली. पण दोन्ही गोष्टींतला फरक पाहायला हवा. नकुशाचा अर्थ तिच्या घरच्यांनी मनात धरलेला होता; नाव ठेवतानाच तो मुलीवर लादलेला होता. नागनिकेतला नागिणीचा अर्थ बाहेरचा आहे, पडद्यावरून आलेला. तो विरायला वेळ लागेल, पण विरू शकतो. नाव ज्या माणसाला लागते त्या माणसामुळे त्याचा अर्थ बदलतो, हे इरावतीच्या बाबतीत झालेलेच आहे. शिवाय चिडवणाऱ्या मुलांना नावाचा अर्थ लागत नाही, यमक लागते. अनन्या आणि आर्याही त्यातून सुटत नाहीत.

उरला अभ्यासकांचा आक्षेप. नाणेघाटाच्या मोठ्या लेखात ज्या राणीचे यज्ञ सांगितले आहेत तिचे नाव जिथे असायला हवे तिथे दगड खराब झाला आहे. मूर्तीवरची नायनिका आणि लेखातली राणी एकच, हे अनुमान आहे. भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर या अभ्यासकांच्या काळापासून ते बहुतेकांनी मानले, तरी ते अनुमानच. नायनिका नेमकी कोणत्या शातकर्णीची राणी, हेही वादाचे आहे. मग महारठीची मुलगी म्हणून मी वर जे लिहिले ते डळमळीत होत नाही का? थोडेसे होते. लेखातली महारठीची लेक दुसरी कोणी असेल, तर नाणेघाटाचा पुरावा निम्मा गळतो. पण कान्हेरीचा गळत नाही. तिथे महाभोजांचे घर, अहिज हे भावाचे नाव आणि नागमूलनिका हे सगळे एकाच लेखात एकमेकांना बांधलेले आहेत. कुबेरनागेचे नाव देणारा प्रभावतीचा ताम्रपट तर अनुमानाला जागाच ठेवत नाही. नाणेघाटाला बाजूला काढले तरी माहेराचा मुद्दा या दोघींच्या खांद्यावर उभा राहतो.

ही सगळी राजघराण्यांची नावे आहेत, सामान्य बायकांची नव्हेत, अशीही तक्रार होऊ शकते. अंशतः खरी आहे. पण कान्हेरीत राजकन्या एखादीच. बाकीच्या बऱ्याच जणी व्यापाऱ्यांच्या घरातल्या आणि भिक्षुणी. सापा, रतिनिका, दामिला नावाची भिक्षुणी. दामिला म्हणजे द्रविड देशाशी, तमिळांशी नाते सांगणारे नाव, आणि त्या बाईचा पत्ता कल्याणचा. आजच्या मध्य रेल्वेवरच्या एका गावातली बाई आजच्या पश्चिम रेल्वेवरच्या डोंगरात येऊन लेणे देते, आणि तिच्या नावात तिसऱ्याच प्रदेशाचा पत्ता असतो. मुंबईच्या उपनगरांचे मिश्र रूप गिरण्या आणि लोकल यांच्याबरोबर आले असे समजणाऱ्यांनी ही नावे वाचायला हवीत. रतिनिका तर आजही कोणाच्या घरात खपेल. उच्चाराला सोपे, मनूच्या सगळ्या अटींत बसणारे, आणि नागाची भानगडच नाही.

नागनिका ठेवायचेच असेल तर दोन रूपांपैकी कोणते घ्यावे, हा शेवटचा आणि अगदी व्यवहाराचा प्रश्न. अनुराधा नक्षत्राच्या पहिल्या चरणाला ‘ना’ येते, त्यामुळे पत्रिकेला दोन्ही चालतात. नायनिका हे दगडावरचे, बोलीतले रूप; ते मऊ आहे, त्यात साप दिसत नाही आणि शाळेतली चिडवाचिडवीही टळते. पण चार दिवसांत कोणीतरी त्याचे नयनिका करील, जन्मदाखल्यात तसेच लिहिले जाईल, आणि आत्याने कानात सांगितलेल्या नावाचा अर्थ सुंदर डोळे होऊन बसेल. नागनिका हे अभ्यासकांनी पुन्हा उभे केलेले रूप आहे, उच्चाराला किंचित जड. पण त्यात ग आहे, आणि राणीच्या माहेरची खूण नेमकी त्या एका अक्षरात आहे. माझे मत ग ठेवावा असे आहे.